बायोप्सीची बरणी आणि अहवालाची वाट

ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: “मॅडम, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग या एवढ्याशा तुकड्याला इतके दिवस कशाला लागतात?” विचारणारी व्यक्ती दिव्याची असो, शहापूरची असो किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतीतली असो, तिचा सूर सारखाच असतो, कारण त्या वाट पाहण्यात सगळे घर अडकलेले असते. मी विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान लिहिणारी डॉक्टर. खिडकीवर या प्रश्नाला दोन वाक्यांपेक्षा जास्त उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की रक्तातली साखर किंवा क्रिएटिनिन यंत्र मोजते आणि आकडा छापून देते. तो आकडा बरोबर यावा म्हणून माणसे राबतात हे खरे, पण आकडा यंत्राचा असतो. बायोप्सीत असा आकडा नसतो. तिथे एक डॉक्टर पेशींची रचना पाहतो, आपल्या शिक्षणाशी आणि आजवर पाहिलेल्या, ऊतकाचे पातळ काप चिकटवलेल्या हजारो काचांशी ती ताडून बघतो आणि मत लिहितो. हे मत किती भक्कम होणार, याचा मोठा हिस्सा तुकडा माझ्या टेबलावर येण्याआधीच, शस्त्रक्रियागृहात, बरणीत आणि सोबतच्या अर्जावर ठरून गेलेला असतो. लोक अहवालाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. मला मात्र त्यांनी सुरुवातीकडे जास्त लक्ष द्यावे असे वाटते, कारण तिथे त्यांच्या हातात करण्यासारखे काहीतरी असते.

आपल्याकडे लहान शुश्रूषागृहांत शस्त्रक्रिया झाली की काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकाच्याच हाती देतात आणि सांगतात, “हे अमुक लॅबमध्ये नेऊन द्या.” आई किंवा पत्नी अजून भुलीतून पुरती बाहेर आलेली नसते आणि मुलगा किंवा नवरा कापडी पिशवीत ती बरणी सांभाळत लोकलच्या गर्दीतून ठाण्याला येतो. बरणीत काय असायला हवे होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यात दहा टक्के फॉर्मॅलिन असायला हवे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे चार टक्के फॉर्मल्डिहाइडचे पाणी, आणि तेही तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट. शरीराबाहेर पडलेल्या ऊतकातल्या पेशी स्वतःच्याच पाचक द्रव्यांनी विरघळू लागतात. फॉर्मॅलिन ती प्रक्रिया थांबवते आणि पेशी आहेत त्या अवस्थेत पक्क्या करते. फॉर्मॅलिन आत शिरते ते ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर या गतीने. तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याला त्यामुळे काही अडचण येत नाही, पण संपूर्ण स्तन किंवा मोठी गाठ न चिरता तशीच बुडवली, तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधला भाग, जिथे नेमका कॅन्सर असतो, तो कुजत राहतो.

शनिवारी दुपारी काढलेला आणि सोमवारी आमच्यापर्यंत पोहोचलेला असा एक स्तन मला चांगलाच लक्षात आहे. अरुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत, लोणच्यासाठी कैऱ्या ठासाव्यात तसा तो ठासून भरलेला होता आणि फॉर्मॅलिन जेमतेम तळाशी होते. बरणी कापल्याशिवाय तो बाहेर काढता आला नाही. आतली गाठ करडी आणि मऊ पडली होती. कॅन्सर आहे एवढे काचेवर ओळखता आले, पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तीन प्रथिनांची चाचणी झाल्याशिवाय औषधोपचाराची दिशा ठरत नाही. संप्रेरकांविरुद्धच्या गोळ्या द्यायच्या की नाही, ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूविरुद्धच्या औषधाचा उपयोग होईल की नाही, हे सगळे त्यावर अवलंबून असते. ऊतक खराब झाले असेल तर ही प्रथिने असूनही दिसत नाहीत, आणि अहवालावर ‘निगेटिव्ह’ असा शब्द उमटून त्या बाईंचे उपयुक्त औषध हुकू शकते. म्हणूनच काढलेला स्तन तासाभराच्या आत चिरून फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि तिथे किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संकेत आहे. या बाईंच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधी सुईने घेतलेल्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, दुसऱ्या ठिकाणी शिल्लक होता, म्हणून चाचण्या त्याच्यावर करून घेता आल्या. तो नसता तर आमचा इलाज नव्हता.

नातेवाइकांनी डॉक्टरांना शिकवायला जावे असे मी सांगत नाही. पण बरणी हातात घेताना “यात फॉर्मॅलिन पुरेसे आहे ना?” असे विचारण्यात काहीच गैर नाही, आणि तुकडा साध्या सलाइनमध्ये असेल तर तो त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात पोहोचवायला हवा. आणखी एक बारीकशी वाटणारी बाब म्हणजे नाव. रुग्णाचे नाव, वय आणि कोणत्या बाजूचा कोणता भाग हे बरणीच्या अंगावर लिहिलेले असावे, झाकणावर नव्हे. एका रुग्णाच्या दोन बरण्या असल्या, एक गाठीची आणि एक काखेतल्या ग्रंथींची, आणि नावे झाकणांवर असली, तर टेबलावर दोन्ही झाकणे एकाच वेळी उघडल्यावर काय घोळ होऊ शकतो याची कल्पना कोणालाही करता येईल.

सलाइनचा विषय निघालाच आहे तर त्याचा अपवादही सांगायला हवा. मानेत गाठ आली की आपल्या देशात दोन शक्यता शेजारी शेजारी उभ्या असतात, क्षयरोग आणि लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम ही लक्षणे दोन्हींत सारखीच असतात. त्यामुळे गाठ काढल्यावर तिचा मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि एक छोटा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात आणि मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही. हा दुसरा तुकडा अनेकदा येतच नाही. याहून जास्त खंत वाटते ती तपासणी न करताच महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या घेतलेल्या रुग्णांबद्दल. काहींना मधल्या काळात स्टेरॉइडही दिलेले असते. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरते, घरच्यांना गुण आल्यासारखे वाटते आणि नंतर बायोप्सी केली तरी काचेवर ओळखण्याजोगे काही उरत नाही.

बरणीसोबत एक अर्ज येतो आणि त्याची अवस्था बरणीपेक्षाही दयनीय असते. “गाठ, कॅन्सर?” एवढेच दोन शब्द लिहिलेले कितीतरी अर्ज आमच्याकडे येतात. हाडाची बायोप्सी एक्स-रे न पाहता वाचणे धोक्याचे आहे, कारण मोडलेले हाड जुळून येतानाच्या पेशी आणि हाडाच्या कॅन्सरच्या पेशी काही वेळा एकमेकींसारख्या दिसतात. रुग्णाला आधी केमोथेरपी किंवा रेडिएशन झाले असेल तर पेशींचे रूप पालटते. मासिक पाळीची तारीख माहीत नसेल तर गर्भाशयाच्या अस्तराबद्दल खात्रीने बोलता येत नाही. व्यसनाचा रकाना तर बहुधा कोराच असतो. घरचे माणूस समोर उभे असताना मशेरी, तंबाखू किंवा गुटख्याबद्दल विचारले की उत्तर येते, “तसं काही नाही, फक्त जेवल्यावर थोडीशी.” महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी माझ्या टेबलावर येणाऱ्या गालाच्या आणि जिभेच्या तुकड्यांवरून तसे वाटत नाही.

या रकान्याची किंमत ज्यांनी फार पूर्वी ओळखली, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवे होते असे मला नेहमी वाटते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची सुरुवात १९४१ साली झाली आणि तिथल्या प्रयोगशाळेची घडी या माणसाने बसवली. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या कॅन्सरचे वर्णन प्रसिद्ध केले. चुट्ट्याचे, म्हणजे तंबाखूच्या गावठी चिरुटाचे, जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूवर, खैनी ओठाआड धरणाऱ्यांच्या खालच्या ओठावर आणि धोतर कमरेला घट्ट कसणाऱ्यांच्या कमरेच्या त्वचेवर कॅन्सर आढळतो, असे त्यांनी दाखवले. साडीखालच्या परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिली की तिथेही असे घडू शकते. रुग्ण काय खातो, काय नेसतो आणि तुकडा नेमका कुठला आहे, हे कागदावर कोणी नोंदवले होते, म्हणून तर हा संबंध जोडता आला.

आता वेळेचा हिशेब. बरणी आली की नोंद होते, क्रमांक पडतो आणि मग आम्ही ज्याला ग्रॉसिंग म्हणतो ते काम सुरू होते. समजा जिभेचा अर्धा भाग आणि मानेतल्या ग्रंथी आल्या आहेत. आधी मोजमाप, मग कापलेल्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावायची, म्हणजे पुढे काचेवर कोणती कड कोणती हे रंगावरून कळते. त्यानंतर पातळ काप घेऊन कॅन्सर कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते पाहायचे. पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निरोगी भाग सुटला असेल तर सर्जन समाधानी होतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो किती खोल गेला आहे याला २०१८ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात स्वतंत्र महत्त्व आले आहे, म्हणून आता लांबी-रुंदीइतकीच खोलीही काटेकोर मोजावी लागते. मानेच्या चरबीतल्या ग्रंथी शोधायला कोणतेही उपकरण नाही. हातमोजे घातलेल्या बोटांच्या चिमटीत चरबी हळूहळू दाबत जायचे आणि मसुराच्या दाण्यासारखे काही टणक लागले की वेगळे काढायचे. एका मानेतून वीस-तीस ग्रंथी निघतात आणि त्यांतल्या किती कॅन्सरने ग्रासल्या आहेत यावर पुढे रेडिएशन द्यायचे की नाही याचा निर्णय फिरतो. हे काम घाईने उरकणाऱ्याचा अहवाल लवकर मिळेल, पण त्यात ग्रंथी कमी भरतील.

निवडलेले तुकडे छोट्या जाळीदार डब्यांतून रात्रभर यंत्रात जातात. वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये पाणी निघून जाते, झायलीनमध्ये अल्कोहोल निघते आणि शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेले मेण आत शिरते. सकाळी त्याचा ब्लॉक बनतो. मग तंत्रज्ञ मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन-चार भाग एवढेच. पात्यावरून मेणाची पातळ पट्टी उतरते, ती कोमट पाण्यावर तरंगत ठेवतात, सुरकुत्या मोडल्या की काच तिरपी खाली घालून अलगद उचलतात. आमच्याकडचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ या क्षणी श्वास रोखून धरतात आणि पंख्याचे बटण आधीच बंद केलेले असते. या माणसाच्या हाताला वळण नसेल तर माझ्या पदव्यांना फारसा अर्थ नाही, आणि तरीही अहवालावर त्याचे नाव कुठेच येत नाही. त्यानंतर हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो आणि काच माझ्याकडे येते. सगळे सुरळीत पार पडले तर छोट्या तुकड्याला दोन-तीन दिवस, मोठ्या शस्त्रक्रियेच्या नमुन्याला त्याहून जास्त. हाड असेल तर त्यातले कॅल्शियम आधी काढावे लागते, त्याचे दिवस वेगळे.

शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवे असेल तर फ्रोझन सेक्शनची सोय आहे. उणे वीस अंशांच्या आसपास तुकडा गोठवून लगेच काप घेतले जातात आणि अर्ध्या तासाच्या आत सर्जनला तोंडी कळवता येते. “मग सगळ्यांचं असंच का करत नाही?” असे एका काकांनी मला विचारले होते. गोठवताना बर्फाचे स्फटिक पेशींना विस्कटून टाकतात आणि बारकावे हरवतात. कड मोकळी आहे का, ग्रंथीत कॅन्सर आहे का, अशा मर्यादित प्रश्नांसाठी ते चांगले, पण अंतिम अहवाल मेणाच्या ब्लॉकवरूनच लिहितात.

काच पाहिल्यावरही कधी कधी थांबावे लागते. कॅन्सर आहे हे उघड असते, पण तो कोणत्या पेशींचा हे कळत नाही. तेव्हा विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, ज्याला सगळे आयएचसी म्हणतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. या चाचणीचा खर्च वेगळा असतो आणि तो आधी सांगितलेला नसला की खिडकीवर वाद होतात, हे मला मान्य आहे आणि नातेवाइकांचा राग मला समजतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टूचा निकाल शून्य ते तीन या श्रेणीत येतो. तीन म्हणजे होकार, शून्य किंवा एक म्हणजे नकार आणि दोन म्हणजे अनिर्णित. दोन आला की फिश ही जनुकाची चाचणी करावी लागते. “दोन म्हणजे अर्धा कॅन्सर का?” असा प्रश्न मला विचारला गेला आहे. या आकड्याचा कॅन्सर कमी-जास्त असण्याशी संबंध नाही आणि तो आजाराचा टप्पाही नाही. ग्रेड आणि स्टेज यांतही लोकांची अशीच गल्लत होते. पेशी किती बिघडल्या आहेत ते ग्रेड सांगते आणि आजार किती पसरला आहे ते स्टेज.

अहवालात एखादे वेळी ‘नमुना अपुरा’ असे लिहिलेले असते. हे वाचून निःश्वास सोडणारे पुष्कळ जण आहेत, आणि मला ते फार काळजीचे वाटते. अपुरा म्हणजे कॅन्सर नाही असे मुळीच नाही, उत्तर देण्याइतका माल मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. इथेच ती जुनी भीती आडवी येते की सुई टोचली किंवा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. काही मोजक्या ठिकाणी, उदाहरणार्थ वृषणाची गाठ किंवा कॅन्सरचा संशय असलेली अंडाशयाची गाठ, बाहेरून सुई टोचणे डॉक्टर स्वतःच टाळतात आणि पूर्ण अवयव काढून तपासतात. इतर बहुतेक गाठींत हा धोका नगण्य आहे आणि या भीतीपायी महिने घालवण्याचा धोका मात्र खरा आहे.

याच्या उलट टोकाला आहेत गृहसंकुलांतल्या आरोग्य शिबिरांची पॅकेजेस, ज्यांत ‘कॅन्सर मार्कर’, म्हणजे कॅन्सरशी जोडली जाणारी रक्तातली द्रव्ये, सवलतीत तपासून मिळतात. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तपासले जाणारे सीए-१२५ हे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), पोटाचा क्षय, गर्भारपण, इतकेच काय पाळीच्या दिवसांतही वाढलेले असू शकते. प्रोस्टेटचे पीएसए वयानुसार वाढलेल्या ग्रंथीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे वाढते. निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांचा मागोवा घ्यायला हे मार्कर उपयोगी पडतात. ठणठणीत माणसाला कॅन्सर आहे की नाही हे केवळ त्यांवरून ठरत नाही. चाळिशीतली एखादी बाई असा कागद घेऊन रडत येते तेव्हा मला त्या पॅकेजवाल्यांचा मनापासून राग येतो.

अहवाल हातात आला की खालची सही पाहावी. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, मानांकन असेल तर चांगलेच, पण ते प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ठरावीक चाचण्यांसाठी मिळते. म्हणून बायोप्सी आणि आयएचसी त्या यादीत आहेत का, हे विचारून घ्यावे.

पुढे उपचारांसाठी परळला टाटा मेमोरियलमध्ये किंवा ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला त्यांच्याच अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात गेलात, तर बाहेरच्या बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा ते मागतात आणि स्वतः पुन्हा पाहतात. आमच्याकडे ब्लॉक मागायला येणारे लोक उगाच संकोचतात, जणू आमच्यावर अविश्वास दाखवत आहेत. निःसंकोच मागा. दुसऱ्या डोळ्यांनी पाहिल्यावर कधी कधी मत बदलते, विशेषतः लिम्फोमा आणि मऊ ऊतकांच्या गाठींमध्ये, आणि बदललेले मत मला कळवले तर मला ते हवेच असते. काचा काचेच्याच असतात, म्हणून त्यांच्यासाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या पेटीतच न्या. ब्लॉक मेणाचा असतो, तो मे महिन्यात बंद गाडीत काचेपुढे ठेवून जाऊ नका. देताना आमच्या वहीत सही घेतली जाते, ती नोंद तुमच्याही उपयोगाची आहे, आणि तिथले काम झाल्यावर उरलेले ब्लॉक मागून घेऊन परत जमा करा. दोन-तीन वर्षांनी फुप्फुसात किंवा यकृतात नवी गाठ दिसली, तर ती जुन्याच आजाराची आहे की वेगळी, हे ठरवताना आम्ही सर्वांत आधी तो जुना ब्लॉक शोधतो.